न पुसलेली पाटी

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातील एखाद्या घरातून कोणी नागपूरच्या बहिणीशी संगणकावरून बोलू लागते, तेव्हा त्या बोलण्याची वाट प्रथम घरातल्याच एका लहानशा पेटीतून जाते. राउटर नावाच्या ह्या पेटीत पुष्कळदा लिनक्स ही कार्यप्रणाली असते. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, कोणालाही वाचता येतो व त्यात बदलही सुचविता येतो. मात्र सुचविलेला बदल जाणकारांनी उघडपणे तपासल्यावाचून सहसा आत घेतला जात नाही.

ह्या तपासणीत जाळ्याच्या ड्रायव्हरांकडे फार बारकाईने पाहावे लागते. ड्रायव्हर हा कर्नल आणि जाळ्याचे कार्ड यांमधील दुभाषी होय. पण हा दुभाषी गाभ्याच्या आतच बसतो आणि तेथली स्मृती कार्डाच्या स्वाधीन करतो. त्यामुळे त्याची चूक त्याच्यापुरती राहत नाही.

२००३ सालच्या जानेवारीत अशी एक चूक उजेडात आली. ईथरनेटच्या तारेवर जाणाऱ्या पाकिटात निदान ४६ बाइटांचा मजकूर असावा असा नियम आहे. शेजारच्या यंत्राचा पत्ता विचारणारा संदेश अवघा २८ बाइटांचा. उरलेली १८ बाइटांची जागा शून्यांनी भरावयाची. अनेक ड्रायव्हरांनी ती भरलीच नव्हती. पाटी न पुसता तिच्या कोपऱ्यात नवे दोन शब्द लिहावेत, तसा हा प्रकार. स्मृतीत आधीपासून पडलेला मजकूर, मग तो कोणाचाही असो, पाकिटाबरोबर बाहेर पडत होता आणि त्याच जाळ्यावरील शेजाऱ्याला तो वाचता येत होता. हा दोष एकट्या लिनक्सचा नव्हता. इतर प्रणालींच्या ड्रायव्हरांतही तो सापडला. गंमत अशी की संदेश बिनचूक पोहोचत होता, म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

चालते ते बरोबरच असते असे नाही, हे ध्यानात ठेवूनच परीक्षक वाचतो. तीन गोष्टी मागितल्या आणि तिसरी मिळाली नाही, तर पहिल्या दोन उलट्या क्रमाने परत केल्या काय? पाकीट पाठविले जात असतानाच कार्ड बंद केले तर काय होईल? बदल मोठा असेल तर तो तुकडे करून आणावयास सांगतात, कारण हजार ओळी एका दमात कोणी नीट वाचत नाही. चलांच्या घोषणा लांब ओळ वर व आखूड खाली अशा मांडाव्यात, हाही ह्या विभागाचा एक हट्ट आहे. नवख्याला तो जाचतो खरा.

पाटी पुसण्यासाठी पुढे गाभ्यातच एक सामाईक आज्ञा ठेवण्यात आली. तिलाही एक खोच आहे. जागा अपुरी पडून ती अयशस्वी झाली, तर ती पाकीट स्वतःच मोडीत काढते. हे न जाणणारा लेखक आपल्या ड्रायव्हरात तेच पाकीट पुन्हा मोडीत काढतो, आणि दुसऱ्यांदा मोकळी केलेली ती स्मृती एव्हाना दुसऱ्याच कोणाच्या उपयोगात आलेली असू शकते. म्हणून ह्या आज्ञेची ओळ दिसली की परीक्षक तिच्यावरून पुढे सरकत नाही. ती अयशस्वी झाल्यावर ड्रायव्हर काय करतो, ते तो आधी पाहतो.