गुरुवारची सुट्टी, रविवारची मॅच

पिंपरी-चिंचवडमध्ये फुटबॉलवर बोलायला माणूस मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार. भोसरीत कबड्डीवर कुणीही तासभर बोलेल, बैलगाडा शर्यतीचा विषय काढलात तर चहा निवून जाईल. ‘सेकंड डिव्हिजन’ म्हटलं की मात्र समोरचा विचारतो, “कोणाला? दहावीला?”

तरीही या शहराच्या वेशीवर, वाकडहून मुळा ओलांडली की लगेच, दुसऱ्या श्रेणीतून वर चढलेला एक क्लब नांदून गेला. पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये तो काढला. घरचं मैदान बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, टोपणनाव ‘रेड लिझर्ड्स’. लाल घोरपड म्हटल्यावर पुणेकराला तानाजीची यशवंती आठवणारच.

मागचा इतिहास एका दमात सांगतो. १८८८ मध्ये सिमल्यात पहिला ड्युरँड कप झाला तेव्हा अंतिम सामन्यात दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला हरवलं. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप आला. पुण्यात हा खेळ खडकी आणि कॅम्पात रुजला, पण नदीपलीकडच्या गावांत फारसा उतरला नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. बस.

आता माझ्या आवडीचं. २००९ मध्ये पुणे एफसी साळगावकर, विवा केरळ आणि शिलाँग लाजाँगबरोबर दुसऱ्या श्रेणीतून वर आला. त्या वेळी आपली दुसरी श्रेणी म्हणजे गटवार सामने, मग अंतिम फेरी, आणि काही आठवड्यांत सगळा कारभार आटोपलेला. वर गेल्यावर पहिल्याच मोसमात, डेरिक परेरांच्या हाताखाली, हा संघ चौदा संघांत तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तर चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा. जेजे लालपेखलुआ इथेच घडला. जपानी आई आणि गुजराती वडिलांचा मुलगा अराता इझुमी इथे खेळता खेळताच भारताचा नागरिक झाला आणि देशाकडून खेळला.

बालेवाडीत मॅच बघणं हा वेगळाच अनुभव. मैदान आणि गॅलरी यांच्यामध्ये धावपट्टी, त्यामुळे खेळाडू लहान दिसायचे. पण गर्दी इतकी विरळ, की बाकावरून मारलेली हाक वरपर्यंत स्वच्छ ऐकू यायची. आमच्या ओळखीचे एक काका भोसरीत लेथवर होते. रविवारी पहिली पाळी करून, कंपनीचा निळा शर्ट अंगावर, डब्याची पिशवी हातात, असे मध्यंतराच्या सुमाराला पोहोचायचे. बसायच्या आधीच विचारायचे, “किती झालं?” पहिला अर्धा खेळ त्यांना कधी बघायलाच मिळाला नाही.

गोम इथेच आहे. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून आपल्या औद्योगिक पट्ट्याला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि लीगच्या मॅचेस बहुतेक शनिवार-रविवारच्या. म्हणजे ज्या कामगाराने गॅलरी भरायची, तो नेमका मशीनवर! ब्रिटनमध्ये १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद करायला लावल्या. तीनची मॅच ही त्या अर्ध्या सुट्टीच्या आधाराने वाढलेली चाल. स्कॉटलंडच्या कोळशाच्या आणि जहाजबांधणीच्या गावांत फुटबॉल मुरला त्यामागे ही भोंग्याची वेळ आहे, असं माझं ठाम मत.

तिथली दुसरी श्रेणी म्हणजे चॅम्पियनशिप. दहा संघ, प्रत्येकाशी चार वेळा गाठ, ऑगस्ट ते मे छत्तीस सामने. २०१४-१५ चा मोसम मी अगदी वेड्यासारखा पाहिला. दिवाळखोरीच्या दारातून परतलेला हार्ट्स, रसातळाला जाऊन चौथ्या श्रेणीपासून चढत आलेला रेंजर्स आणि हिबर्नियन, हे तिन्ही बडे एकाच वेळी खाली! हार्ट्सने ९१ गुण मिळवून बाजी मारली, खाणकामगारांच्या काउडनबीथला तर एकदा १०-० ने धुतलं. रेंजर्सला प्लेऑफमध्ये मदरवेलने अडवलं. त्याच श्रेणीतल्या डंबार्टनचं मैदान ज्वालामुखीच्या कातळावरच्या किल्ल्याला खेटून आहे. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध लढवला. त्याच्या तटालगत असं एखादं मैदान असतं तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पण माझा जीव जडला तो त्या मोसमात कशाबशा टिकलेल्या लिव्हिंगस्टनवर. कारण मुळात हा कारखान्याचा संघ. एडिनबरोच्या फेरांटी या विद्युत-अभियांत्रिकी कंपनीतल्या मंडळींनी १९४३ मध्ये ‘फेरांटी थिसल’ काढला. १९७४ मध्ये स्कॉटिश लीगमध्ये जागा मिळाली, पण अट आली: कंपनीचं नाव चालणार नाही. मग ‘मेडोबँक थिसल’ झाला. मैदान मिळालं ते १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेलं, मध्ये धावपट्टी असलेलं, बरंचसं रिकामं. बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभी राहिली; जुळं भावंडच म्हणा. १९९३ मध्ये फेरांटी कंपनी बुडाली. क्लब १९९५ मध्ये जुन्या चाहत्यांचा रोष पत्करून लिव्हिंगस्टनला गेला आणि २००४ मध्ये त्याने हिबर्नियनला हरवून लीग कप जिंकला. कंपनी गेली, संघ राहिला.

आपल्याकडे नेमकं उलटं. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये संघ बंद झाला. त्याच वर्षी चाकणला महिंद्रांचा अवाढव्य कारखाना सुरू झाला! फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये गेला. पुणे एफसी आणि एका मोसमाचा पाहुणा भारत एफसी, दोघांचा गाशा २०१५ मध्ये गुंडाळला गेला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसले नाहीत आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादला गेली. रेंजर्सची जुनी कंपनी २०१२ मध्ये मोडीत निघाली तेव्हा उभं राहायला खाली चौथी श्रेणी तरी होती. पुण्यातले क्लब खेळात हरून खाली गेले नाहीत, मालकाचा हिशेब जुळला नाही म्हणून संपले, आणि पुन्हा उभं राहायला खाली भक्कम पायऱ्या नव्हत्या.

तेव्हा भोसरी, तळवडे, चाकणच्या युनियनवाल्यांना आणि एचआरवाल्यांना एक विनंती. लहानशी का होईना, कारखान्यांची लीग काढा, वर-खाली जायच्या दोन श्रेणी ठेवा आणि मॅच गुरुवारी दुपारी तीनला लावा. फक्त संघाला नाव गावाचं द्या, कंपनीचं नको.