मसाल्याचें भरलें अंडें : तेलाऐवजीं चक्का

बुलढाणा जिल्ह्यांत घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, ज्या घरीं अंडें खाल्लें जातें त्या घरीं बहुधा दोन-चार कोंबड्याही अंगणांत फिरत असतात. असें असूनही अंड्याचे प्रकार आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. झणझणीत रस्सा, तव्यावरची पोळी आणि नुसतें उकडलेलें अंडें, एवढ्यावर आपला संसार आटोपतो. खामगांव, मलकापूर वा बुलढाणा येथें सायंकाळच्या वेळीं हातगाडीवर उकडलेलें अंडें मधोमध चिरून त्यावर मीठ, तिखट आणि बारीक चिरलेला कांदा घालून देतात, तें अनेकांस ठाऊक आहे. त्याच जातीचा, पण थोडा अधिक निगुतीनें करावयाचा एक प्रकार पाश्चात्त्य देशांत फार लोकप्रिय असून 'डेव्हिल्ड एग्ज' या नांवानें तो आतां आपल्या शहरांतील उपाहारगृहांतही दिसूं लागला आहे. मात्र तो ज्या रूपानें येतो तें रूप जड, तेलकट व खर्चाचें आहे. तेंच अंडें आपल्या घरच्या जिनसांनीं हलकें, रुचकर आणि पौष्टिक कसें करतां येईल, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

या जिल्ह्यांत माळकरी घरें पुष्कळ आहेत आणि त्यांचा नेम आम्हांस आदरणीय आहे. ज्यांच्या घरीं अंडें चालतें, किंवा जे तें विक्रीसाठीं पिकवितात, त्यांच्यापुरतेंच पुढील विवेचन आहे हें आरंभींच सांगून ठेवतों.

या पदार्थाचें मूळ

नांवांत सैतान असला तरी पदार्थ निरुपद्रवी आहे. १८ व्या शतकांत इंग्लंडांत तिखट, मिरें व मोहरी घालून जळजळीत केलेल्या पदार्थांस हें विशेषण लावूं लागले, इतकाच त्याचा अर्थ. पदार्थ मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. प्राचीन रोममध्यें जेवणाच्या आरंभीं उकडलेलीं अंडीं मसालेदार चटणीसह वाढीत असत. स्पेनमधील मुसलमानी अमदानींत, १३ व्या शतकाच्या सुमारास, बलक काढून त्यांत कोथिंबीर, कांद्याचा रस व मिरें घालून तो पुन्हा पांढऱ्या भागांत भरण्याची कृति लिहिलेली आढळते. बलकांत मेयोनेज कालविण्याची चाल १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत सुरू झाली. म्हणजे ज्या तेलकट भागामुळें हा पदार्थ जड होतो तो भाग त्यांत मागाहून शिरलेला आहे. कांदा, कोथिंबीर व मिरें हींच त्याचीं जुनीं अंगें. तेव्हां मेयोनेज काढून टाकलें म्हणून मूळ पदार्थाची मोडतोड होते, असें मानण्याचें कारण नाहीं.

जडपणा कोठून येतो

मेयोनेज म्हणजे अंड्याचा बलक, आंबट रस व तेल हीं घोटून केलेली साय. मूळ प्रकारांत शेंकडा ७० ते ८० भाग तेलच असतें. प्रचलित कृतींत ६ अंड्यांस सुमारें ४ मोठे चमचे मेयोनेज घालतात. आतां हिशेब पाहूं. मध्यम आकाराच्या एका अंड्यांत सुमारें ७० उष्मांक, ६ ग्रॅम प्रथिनें व ५ ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणजे ६ अंड्यांचे ४२० उष्मांक व ३० ग्रॅम स्निग्धांश झाला. चार चमचे मेयोनेजांत मात्र सुमारें ३८० उष्मांक व ४० ग्रॅमांहून अधिक स्निग्धांश असून प्रथिनें जवळजवळ नाहींत. सहा अंड्यांत जेवढी चरबी नाहीं तेवढी त्या चार चमच्यांत!

त्याऐवजीं गाईच्या दह्याचा तितकाच चक्का घेतला, तर त्यांतून ८० च्या आसपास उष्मांक व सुमारें ५ ग्रॅम स्निग्धांश येतो. शिवाय थोडीं प्रथिनें व चुना वाढतो तो वेगळाच. साय काढलेल्या दुधाचा चक्का असल्यास स्निग्धांश याहूनही कमी. म्हशीच्या सायीसकट दुधाचा असल्यास तो कांहींसा अधिक भरेल, पण मेयोनेजाच्या पासंगालाही तो पुरणार नाहीं. एकंदर ८०० उष्मांकांचा पदार्थ ५०० वर येतो आणि अंड्याचा एक कणही कमी करावा लागत नाहीं.

बलक टाकून देऊं नये

हलकें करणें म्हणजे बलक फेंकून देणें, अशी एक समजूत हल्लीं सुशिक्षितांत पसरली आहे. ती शेतकऱ्याच्या घरांत तरी शिरूं नये. अंड्यांतील अ, ड व ब-१२ हीं जीवनसत्त्वें मुख्यतः बलकांतच असतात. प्रथिनांपैकीं दोन-पंचमांशाहून अधिक भागही त्यांतच. वाढत्या मुलांस, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस ज्याची विशेष गरज, तें कोलीन नांवाचें द्रव्यही बलकांतूनच मिळतें. एका बलकांत सुमारें १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतें हें खरें. परंतु अन्नांतील कोलेस्टेरॉलवर दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शनांत पूर्वीं घातलेली होती, ती २०१५ सालीं काढून टाकण्यांत आली. निरोगी माणसानें एका अंड्याला भिण्याचें कारण नाहीं. ज्यांस मधुमेह वा हृदयविकार आहे त्यांनीं मात्र प्रमाण आपल्या डॉक्टरांस विचारून ठरवावें. अशांसाठीं सहांपैकीं तीनच बलक घेऊन उरलेल्या जागीं शिजवून घोटलेली हरभऱ्याची डाळ घालावी. हरभरा हें आपलें रबीचें मुख्य पीक. त्याची चव या सारणांत चांगली मिळून येते.

सोयाबीनचा उलटा प्रवास

येथें शेतकऱ्यानें मनाशीं एक हिशेब करावा. कापूस व तूर यांच्या जोडीला सोयाबीन हें या जिल्ह्याचें खरिपाचें प्रमुख पीक आहे. आपण दाणा विकतों. त्याचें तेल निघतें आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. पुढें त्याच जातीचें तेल मेयोनेजाच्या बाटलींत बसून दाण्याच्या कितीतरी पट भावानें आपल्याच गांवच्या दुकानीं येतें. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलांपैकीं अर्ध्याहून अधिक बाहेरून आणावें लागतें, त्यांत सोयाबीनचें तेलही आलेंच. शिवाय आपल्या बाजारांतील पुष्कळशा बाटल्यांवर हिरवा ठिपका असतो, म्हणजे त्यांत अंडें नसतेंच. तेल, पाणी, साखर व पीठ यांवरच त्यांचा दाटपणा उभा असतो. विकत घेण्यापूर्वीं बाटलीवरचा तक्ता वाचण्याची संवय ठेवावी.

तेंच मेयोनेज घरीं कच्च्या अंड्याचें करावें, तर त्यांत दुसरा धोका आहे. कच्च्या अंड्यांतून साल्मोनेला नांवाचे जंतु पोटांत जाऊन विषबाधा होऊं शकते. याच कारणानें तेलंगणा सरकारनें ऑक्टोबर २०२४ मध्यें व तामिळनाडू सरकारनें एप्रिल २०२५ मध्यें कच्च्या अंड्याच्या मेयोनेजावर प्रत्येकीं एक वर्षाची बंदी घातली होती. चक्क्यांत ही भीति नाहीं.

साहित्य

अंडीं ६, गोड दहीं पाव किलो, मोहरी १ लहान चमचा, अर्ध्या लिंबाचा रस, लहान कांदा अर्धा, मूठभर कोथिंबीर, मिरपूड पाव चमचा, मीठ चवीपुरतें, वर घालण्यास लाल तिखट व जवसाची कोरडी चटणी.

कृति

दहीं स्वच्छ पंचांत बांधून चार-पांच तास टांगून ठेवावें. उन्हाळ्यांत घाटाखालच्या तालुक्यांत तें बाहेर टांगल्यास आंबट होतें, म्हणून चाळणींत ठेवून शीतकपाटांत वा माठाशेजारीं निथळावें. पाव किलो दह्याचा सुमारें शंभर ग्रॅम चक्का पडतो. निथळलेलें पाणी टाकूं नये. कणीक भिजविण्यास तें उत्तम.

अंडीं निवडतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. घरच्या कोंबडीचें आजचें अंडें उकडून सोलूं गेल्यास पांढरा भाग सालीबरोबर निघून येतो व अंडें विद्रूप होतें. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागांत कर्बवायु विरघळलेला असतो. तो दिवसागणिक सालीच्या छिद्रांतून बाहेर पडतो, पांढरा भाग अधिक क्षारयुक्त होतो आणि आंतील पापुद्र्याची पकड सुटते. म्हणून या कामास सात-आठ दिवसांचीं अंडीं घ्यावीं व ताजीं पोळीस ठेवावीं. अंडें फार जुनें तर नाहीं ना, हें पाण्यांत सोडून पाहावें. तळाशीं आडवें बसलें तर ताजें. तळाशींच पण उभें राहिलें तर जुनें, तरी खाण्याजोगें. वर तरंगलें तर टाकून द्यावें.

अंडीं धुऊन उकळत्या पाण्यांत डावानें अलगद सोडावीं व मंद उकळीवर १० ते ११ मिनिटें ठेवावीं. गावरान अंडीं लहान असल्यास ९ मिनिटें पुरतात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशें मीटरांच्या आसपास उंच असल्यानें तेथें पाणी सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. घाटावरच्या गृहिणींनीं अर्धें मिनिट अधिक द्यावें. वेळ होतांच अंडीं माठाच्या थंड पाण्यांत टाकावीं. फार वेळ उकडल्यास वा तशींच गरम ठेवल्यास पांढऱ्या भागांतील गंधक व बलकांतील लोह यांचा संयोग होऊन बलकाभोंवतीं हिरवट काळी कड येते. ती अपायकारक नाहीं, पण दिसण्यास वाईट.

मोहरी पाट्यावर किंवा यंत्रांत थोडें गार पाणी घालून फेसावी आणि दहा मिनिटें तशीच ठेवावी. तिचा नाकांत जाणारा झणका पाण्याशीं संयोग झाल्यावरच उत्पन्न होतो; गरम पाणी घातल्यास तो मरतो, आणि लिंबू आधींच पिळल्यास पुरता चढत नाहीं. लोणच्यांत व कोशिंबिरींत फेसलेली मोहरी घालणाऱ्या आपल्या गृहिणींस हें नवें नाहीं. विलायती कृतींत बाटलींतील तयार मोहरी घालतात; आपल्या पाट्यावरची तिच्याहून सरस.

अंडीं सोलून उभीं चिरावीं व बलक काढून चाळणींतून घासून घ्यावा. त्यांत चार मोठे चमचे चक्का, मोहरी, मीठ व मिरपूड घालून हलक्या हातानें फेटावें. लोण्यासारखें मऊ झालें कीं लिंबाचा रस, बारीक चिरून पिळलेला कांदा व कोथिंबीर मिसळावी. कांदा न पिळल्यास सारणास पाणी सुटतें. सारण कोरडें वाटल्यास उरलेल्या चक्क्यांतील आणखी चमचाभर घालावा. हें सारण पांढऱ्या वाट्यांत शीग येईल असें भरावें. वर चिमूटभर तिखट व जवसाची चटणी भुरभुरावी. जवस हें विदर्भाचें जुनें गळिताचें धान्य. त्याच्या चटणीनें खमंगपणा येतो आणि त्यांतील तेल हृदयास हितकर मानलेलें आहे. बारा वाट्यांपैकीं प्रत्येकींत सुमारें ४० उष्मांक पडतात. मेयोनेजाच्या वाटींत तेच ६५ च्या वर जातात.

जपणूक

भरलेलीं अंडीं खोलींत दोन तासांहून अधिक ठेवूं नयेत. वैशाखांतल्या उन्हांत तर एका तासांत संपवावीं. शेतावर न्यावयाचीं असल्यास अंडीं सालीसकट व सारण वेगळ्या डब्यांत थंड नेऊन जागेवर भरावें. शीतकपाटांत भरलेलीं अंडीं दोन दिवस व सालीसकट उकडलेलीं आठवडाभर टिकतात.

शेतकऱ्यास यांत काय

कोंबड्या पाळणाऱ्या घरीं एक विपरीत गोष्ट सर्रास दिसते. अंडीं मोजून बाजारांत जातात आणि घरचीं मुलें कोरड्या चटणीशीं भाकरी खातात. पिकतें तेथें विकत नाहीं असें म्हणतात. येथें तर पिकतें तेथें शिजतही नाहीं! चार पैसे हवेत हें खरें, परंतु आठवड्याच्या अंड्यांतून सहा बाजूस काढल्यानें संसार खालीं येत नाहीं, आणि तींच सहा अंडीं मुलांच्या हाडामांसास लागतात. शिजवलेल्या रश्श्यांत बहुतेक अंडीं कर्त्या पुरुषाच्या ताटांत जातात व घरच्या स्त्रीच्या वांट्यास रस्साच उरतो. या प्रकारांत सहा अंड्यांच्या बारा वाट्या होत असल्यानें सर्वांस मोजून वाढतां येतें, हा लहानसा पण खरा लाभ आहे.

बलक गडद पिवळा हवा असल्यास कोंबड्यांस पिवळा मका, लसूणघास व मेथीचा पाला द्यावा. जेथें महिला बचतगट यात्रेंत वा प्रदर्शनांत खाद्यपदार्थ मांडतात, तेथें स्वच्छता व गारवा सांभाळतां येत असेल तर हा पदार्थ ठेवून पाहण्यासारखा आहे; कारण त्यांतील अंडें, दहीं, मोहरी, कांदा, कोथिंबीर व जवस यांपैकीं बरेचसें घरचेंच असतें. आधीं आपल्या घरीं एकदां करून पाहावा, मुलांनीं दुसऱ्या दिवशीं पुन्हा मागितला तर पुढचा विचार करावा.