कागदावरचे सव्वीस घोडे

पोर्शे कंपनीच्या ९११ या गाडीची किंमतपत्रिका निवांत वाचण्यासारखी असते. मूळ गाडी एका ओळीत उरकते आणि मग पानंच्या पानं जादा घ्यायच्या वस्तूंची: चामडं, चाकं, सीटबेल्टचा रंग, घड्याळ. २००४ साली आलेल्या ९९७ या पिढीच्या यादीत या गर्दीत एक सांकेतिक क्रमांक होता, एक्स५१. तो निवडला की कॅरेरा एसच्या ३.८ लिटर इंजिनाची ताकद ३५५ वरून ३८१ अश्वशक्तीवर जायची. सव्वीस घोडे जास्त, आणि त्यांचं मोल एखाद्या नव्या छोट्या मोटारीएवढं. शून्य ते शंभर ४.८ ऐवजी ४.६ सेकंदांत, सर्वोच्च वेग २९३ ऐवजी ३०० किलोमीटर.

ट्रॅकवर जाणाऱ्याने काय करावं हा प्रश्न वेगळा. पण ९११ ची ख्यातीच मुळी रोज वापरता येणारी स्पोर्ट्स कार अशी आहे. मागे पोरांपुरत्या दोन जागा, पुढे बऱ्यापैकी डिकी, समोरचं नीट दिसतं, कुठेही वळते. अशी गाडी सोमवार ते शुक्रवार ऑफिसला नेणाऱ्याने कारखान्यातून मिळणारी ही वाढीव ताकद घ्यावी का? हौसेला मोल नसतं हे मान्य. तरी हौस नेमकी कशाची, हे पैसे मोजण्याआधी कळलेलं बरं.

आधी या किटला न्याय देऊ. ‘कारखान्याची पॉवर किट’ म्हटलं की अनेकांना वाटतं, लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरमधले आकडे बदलले की झालं. एक्स५१ मध्ये सिलिंडर हेडच बदललेलं असतं. हवा आत घेणारा इनटेक मॅनिफोल्ड वेगळा, अ‍ॅल्युमिनियमचा. एअर फिल्टरची पेटी कार्बन फायबरची, एक्झॉस्टचे पाइप नव्या मापाचे, सायलेन्सर स्पोर्ट जातीचा आणि पुढच्या बंपरच्या मध्यभागी एक जादा रेडिएटर. या सगळ्याला साजेसं प्रोग्रॅमिंग सर्वांत शेवटी. म्हणजे इंजिनाचा श्वासच मोकळा केला आहे आणि वाढणाऱ्या उष्णतेची सोयही लावून ठेवली आहे. ही परंपरा जुनी आहे. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझन भागातल्या कारखान्याने १९८० च्या दशकात ९३० टर्बोलाही ३०० वरून ३३० अश्वशक्तीची अशी वाढ दिली होती आणि पुढे ९९३ टर्बोची ताकद ४०८ वरून ४३० वर नेली होती. काम पट्टीचं आहे, त्यात शंका नाही.

शंका आहे ती हे घोडे राहतात कुठे याबद्दल.

मूळ इंजिनाची ३५५ अश्वशक्ती भरते ६६०० आरपीएमवर. किटवाल्याची ३८१ भरते ७२०० वर. टॉर्क, म्हणजे पाठीला सीटमध्ये दाबणारा तो जोर, मूळ इंजिनात ४०० न्यूटन-मीटर आणि तोही ४६०० फेऱ्यांवर. किटमध्ये ४१५, पण ५५०० फेऱ्यांवर. पंधराची भर पडली, शिखर मात्र नऊशे फेऱ्या वर सरकलं. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, एवढं शाळेतलं पदार्थविज्ञान घेऊन कागद-पेन्सिलीने हिशेब केला तर गंमत दिसते. ७२०० फेऱ्यांवर ३८१ अश्वशक्ती देणारं इंजिन त्या क्षणी सुमारे ३७१ न्यूटन-मीटर टॉर्क देत असतं. मूळ इंजिन ६६०० वर आपली कमाल ताकद देतं तेव्हा त्याचा टॉर्क भरतो सुमारे ३७८. म्हणजे आपापल्या शिखरावर किटवाल्या इंजिनाचा रेटा थोडा कमीच आहे! मिळकत आहे ती तो रेटा आणखी सहाशे फेरे टिकवून धरण्याची. मूळ इंजिन जिथे धापा टाकू लागतं तिथे हे अजून गात असतं. इंजिनिअरसाठी ही मोठीच गोष्ट आहे. गिअर कधी टाकायचा हे ज्याला ट्रॅफिक सांगतो, त्याच्यासाठी ती किती मोठी?

सहा गिअरच्या मॅन्युअल कॅरेरा एसच्या गिअरचे दाते आणि मागच्या टायरचा घेर धरून हिशेब मांडला, तर पहिल्या गिअरमध्ये ७२०० फेऱ्यांना गाडी सुमारे ६५ किलोमीटरच्या वेगात असते. दुसऱ्यात ११०. तिसऱ्यात १५८. याउलट शहरात चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने जाताना काटा अठराशेच्या आसपास असतो आणि महामार्गावर सहाव्यात शंभरने जाताना अडीच हजाराच्या जरा खाली. आपले सव्वीस घोडे सात हजारांच्या वर तबेल्यात उभे आणि आपण दिवसभर दोन हजारांत. दुसऱ्या गिअरमध्ये त्यांची गाठ घ्यायची तर वेग ११० हवा. जर्मनीतल्या गावात ५० ची मर्यादा असते. ऑटोबानच्या मोठ्या भागावर सक्तीची मर्यादा नाही, पण शिफारस १३० ची आहे. तिसऱ्या गिअरमधलं शिखर त्याच्याही पलीकडे.

स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. वाहतूक कोंडीच्या बाबतीत हे नातं अगदी सख्खं वाटतं. बी१० आणि बी२७ हे रस्ते त्सुफेनहाउझनजवळ एकमेकांना भेटतात तिथे सकाळी गाड्यांची रांग पाहिली, की पोर्शेच्या दारातही पोर्शे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते हे पटतं. त्या भागातल्या मोटार कंपन्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांत कामाला असलेल्या मराठी इंजिनिअरांना हा अनुभव नवा नाही. फक्त त्यांच्यातले बरेच जण शहाणपणाने लोकल ट्रेन पकडतात.

वजनाकडूनही एक हिशेब करता येतो. कॅरेरा एस रिकामी १४२० किलो. ३५५ ने भागलं तर दर घोड्यामागे नेमके चार किलो. ३८१ ने भागलं तर पावणेचारच्या किंचित खाली. आता शेजारी ७५ किलोचा मित्र बसवा आणि पुढच्या डिकीत पंधरा-पंधरा किलोच्या दोन बॅगा टाका. किटवाली गाडी पुन्हा चार किलोवर! तुलना थोडी लबाडीची आहे, कारण मित्र साध्या गाडीतही तेवढाच जड असतो. पण सात टक्के म्हणजे केवढं, याचा अंदाज त्यावरून येतो.

कारखान्यालाही हे दिसत असावं. २००८ मध्ये ९९७ चं इंजिन नव्याने आलं, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं. कॅरेरा एसला ३८५ अश्वशक्ती आणि ४४०० फेऱ्यांवर ४२० न्यूटन-मीटर मिळाले. त्यावरच्या नव्या किटने ताकद ४०८ वर नेली, तीही ७३०० फेऱ्यांवर. पण या वेळी टॉर्क ४२० च ठेवला आणि तो ४२०० पासून ५६०० पर्यंत सपाट पसरवला. मॅनिफोल्डमध्ये एकाऐवजी सहा झडपा बसवल्या. व्हॅक्यूमवर उघडझाप करून त्या हवेची वाट बदलतात, एक वाट टॉर्कसाठी, दुसरी ताकदीसाठी. वरच्या फेऱ्यांचं देणं खालच्या फेऱ्यांकडून वसूल करायचं नाही, असा हा बंदोबस्त. रोज चालवणाऱ्यासाठी घेण्याजोगी किट कोणती असं विचारलं, तर माझं बोट याच किटवर. त्यातही ती सुटी घेऊ नये. २०१० मध्ये आलेल्या कॅरेरा जीटीएसमध्ये हेच इंजिन गाडीचाच भाग म्हणून आलं, सोबत रुंद बॉडी आणि वेगळी चाकं. साध्या गाडीवर एकेक वस्तू चढवत बसण्यापेक्षा हे पॅकेज परवडतं आणि विकतानाही ‘जीटीएस’ या तीन अक्षरांना किंमत येते. एक्स५१ म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगावं लागतं.

पुढच्या ९९१ मध्ये पुन्हा तेच: ४०० ऐवजी ४३० अश्वशक्ती, ती ७५०० फेऱ्यांवर, टॉर्क ४४० होता तो ४४० च. म्हणजे ऑफिसच्या वाटेवर फरक शून्य.

मग २०१५ च्या अखेरीस कॅरेराला दोन टर्बो लागले आणि सगळं गणित उलटं झालं. तीन लिटरच्या कॅरेरा एसमध्ये ४२० अश्वशक्ती, आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्क १७०० फेऱ्यांपासूनच हजर. वाढीव आवृत्तीत ४५० अश्वशक्ती, आणि ५५० न्यूटन-मीटर २१५० पासून ५००० पर्यंत. आता वाढलेले घोडे काटा रोज जिथे फिरतो तिथेच बांधलेले. ट्रक ओलांडताना गिअर न बदलता नुसता पाय दाबला तरी फरक कळतो. म्हणजे टर्बो इंजिनावरची वाढ रोजच्या वापराला खरोखर पोचते, आणि त्याच दमात म्हणावं लागतं की तिची गरज तिथे सर्वांत कमी आहे. ज्या इंजिनात १७०० वर ५०० न्यूटन-मीटर मिळतात, त्याला रोजच्या रस्त्यावर कमी काय पडतं?

बाहेरचा ट्यूनर इथे पुढे येतो. टर्बो इंजिनाचं रिमॅपिंग करून तो कारखान्यापेक्षा जास्त ताकद, किमतीच्या छोट्या हिश्शात देतो. गाडी रोजची असेल तर मी या वाटेला जाणार नाही. कारखान्याच्या किटमध्ये वॉरंटी शाबूत राहते, जादा रेडिएटर मिळतो, कागदपत्रांत ताकदीची नोंद होते. जर्मनीत नोंद नसलेला बदल केला तर गाडीचा रस्त्यावर चालवण्याचा परवानाच धोक्यात येतो आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. मात्र कारखान्याचा शिक्का म्हणजे अमरपट्टा नव्हे. ९९७ च्या पहिल्या आवृत्तीतल्या इंजिनांच्या दोन दुखण्यांची चर्चा सर्वत्र झाली आहे, मधल्या शाफ्टचं बेअरिंग आणि सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे ओरखडे. एक्स५१ ने श्वास मोकळा केला, ही दुखणी घालवली नाहीत. त्या काळातली गाडी घेणाऱ्याने किटच्या पैशांआधी बोअर आतून कॅमेऱ्याने तपासून घेण्याचा खर्च धरावा.

तेवढेच पैसे दुसरीकडे घातले तर? पोर्शेने मान्यता दिलेले, ‘एन’ खूण असलेले ताजे टायर पावसाळी सकाळी ब्रेक मारताना जे देतात ते सव्वीस घोडे देत नाहीत. मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल डिफरन्शियल लॉक, बरे ब्रेक पॅड, एखादा ड्रायव्हिंग कोर्स. यातलं सगळं घेतलं तरी किटच्या पैशांतून काही उरावं. आणि हौस मुख्यतः आवाजाची असेल (ती बहुतेकांची असते, कबूल करत नाहीत) तर स्पोर्ट एक्झॉस्ट त्याच यादीत सुटा मिळतो.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी चिंचोळा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावून सांगितलं. तेव्हा मागाहून ताकद वाढवण्याचा विचार इथे बाजूलाच ठेवावा. घ्यायची तर मुळातच जीटीएस. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना मर्यादा शंभरची, घाटात त्याहून कमी. तिथे सहाव्या गिअरमध्ये काटा कुठे असतो ते वर आलंच आहे. शिवाय मराठी वाचकाला पोर्शे म्हटलं की १९ मे २०२४ ची पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताची पहाट आठवते, ज्याने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ती गाडी विजेवरची टायकन होती, ९११ नव्हे. पण शहराच्या रस्त्यावर किती ताकद पुरे, या प्रश्नाला त्या पहाटेपासून आपल्याकडे वेगळं वजन आहे.

तरीही जुन्या बाजारात एक्स५१ ची गाडी समोर आली आणि विकणारा जादा पैसे मागू लागला, तर दोन गोष्टी कराव्या. पहिली, पुढच्या बॉनेटखालचं किंवा सर्व्हिस पुस्तकातलं स्टिकर पाहावं. गाडी कारखान्यातून कोणत्या कोडनिशी निघाली ते तिथे छापलेलं असतं. इंजिन क्रमांकाची सुरुवातही वेगळी असते, एम९७.०१ च्या पुढे ‘एस’. दुसरी, इंजिनाच्या कॉम्प्युटरचा अहवाल मागावा. रेडलाइन ओलांडली गेली असेल तर किती वेळा आणि गाडीच्या कितव्या तासाला, हे त्यात नोंदलेलं असतं. त्याच अहवालात इंजिन एकूण किती तास चाललं तो आकडाही असतो. मीटरवरच्या किलोमीटरना या तासांनी भागलं की गाडीचा आयुष्यभराचा सरासरी वेग हाती येतो. समजा मीटर ६०,००० दाखवतंय आणि तास भरले १५००: सरासरी ताशी ४० किलोमीटर. अशा गाडीचा मालक ‘किट आहे’ म्हणून जादा मागत असेल तर घासाघीस करायला भरपूर जागा आहे, कारण त्या किटचे पैसे त्यालाही वसूल झालेले नाहीत. आणि नवीन घेणाऱ्याने हाच भागाकार आपल्या सध्याच्या गाडीवर करावा, ऑर्डरच्या कागदावर सही करण्याआधी.