सेन्सर बदलण्याआधी

पेट्रोल जास्त जळतंय याची खबर आधी नाकाला लागते. सायलेन्सरजवळ कच्च्या पेट्रोलचा वास, प्लगच्या टोकावर कोरडी काजळी, पडलेलं अ‍ॅव्हरेज. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये आलेल्या गाडीत ही सगळी लक्षणं होती. आधीच्या मेकॅनिकने स्कॅनरवर ‘पी 0172’ हा कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलला होता. चेक लाइट पुन्हा लागलाच.

इथल्या मेकॅनिकचं म्हणणं सरळ होतं. हा कोड मिश्रणात पेट्रोल जास्त आहे एवढंच सांगतो. का, ते सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरने खरी तक्रार केली आणि शिक्षाही त्यालाच झाली.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी इंजिन सुरू न करता, नुसती चावी फिरवून त्याने आकडे वाचले. मॅप सेन्सरने अशा वेळी बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. पुण्याच्या उंचीवर तो साधारण 95 किलोपास्कल. तो बरोबर होता. हवेचं आणि कूलंटचं तापमानही थंड गाडीत सारखंच हवं. इथे हवा 30 अंश, कूलंट 22. कूलंटचा आकडा कमी दिसला की संशय थर्मोस्टॅटवर जातो, पण बंद इंजिनात असा फरक त्याच्यामुळे पडत नाही.

इंजिन तापल्यावर फरक वाढला. इन्फ्रारेड थर्मामीटर 85च्या पुढे, स्कॅनर 50वर अडकलेला. इंजिन गारच आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवत होता आणि ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून तेच कापतही होता. ही कपात दाखवणारी लाँग टर्म फ्युएल ट्रिम उणे 20 टक्क्यांच्या खाली गेली होती.

कूलंट सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स घटतो. मल्टिमीटर थेट सेन्सरच्या पिनांना लावला, तर सुमारे 250 ओहम, म्हणजे सेन्सर ठीक. ईसीयूच्या टोकाला मोजला, तर 850. मधले 600 ओहम कनेक्टरमधले होते. पिनांवर हिरवी पुटं चढली होती. थंड सेन्सरच्या 1700 ओहममध्ये ही भर थोडक्यात खपते, गरम सेन्सरच्या 250मध्ये तिनेच चाळीस अंशांची थाप मारली. तार तुटली असती, तर ईसीयूला उणे 40 अंश दिसून त्या सर्किटचा कोड आला असता. 50 अंश हा आकडा त्याला खराच वाटला.

कनेक्टर बदलला, सेन्सर जुनाच राहिला. तुम्हाला कुणी सेन्सर बदलायला सांगितला, तर आधी विचारा : थंड गाडीत आकडा किती होता, तापल्यावर किती, आणि वायरिंग तपासलं का? उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत पाकीट उघडू नका.