शेवटच्या महिन्यातली कुरवंजी

आज बोलायचंय शाळेच्या शेवटच्या महिन्याबद्दल. मी तंजावरच्या एका शाळेत सहावी ते आठवीला बरीच वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. घरी आमची तंजावरी मराठी, शाळेत तमिळ. तुम्ही पुण्यात असा, बेळगावात की इंदुरात, मार्च-एप्रिलचा वर्ग तुम्हाला ओळखीचाच वाटेल. पंखा गरम हवा फिरवतोय, पोर्शन संपलाय, आणि बाई म्हणतायत, "उजळणी करा, वाचा."

आमच्याकडे या महिन्यात एक जादा अडचण असते. तमिळनाडूत २०१२-१३ पासून खालच्या वर्गांना त्रिसत्र पद्धत आली. एका पुस्तकाची तीन पुस्तकं झाली. दप्तर हलकं झालं, ते चांगलंच. पण सप्टेंबरची परीक्षा झाली की पहिलं पुस्तक कपाटावर जातं आणि त्यातला अभ्यासही त्याच्याबरोबर जातो. एका मार्चमध्ये मी सातवीला विचारलं, "पृथ्वीच्या पोटात कोणते थर आहेत?" सगळे गप्प. शेवटी एक मुलगा म्हणाला, "टीचर, ते पहिल्या सत्रात होतं." जणू त्या थरांची मुदतच संपली होती!

मग मी तेच केलं जे सगळे करतात. पाठ पुन्हा वाचून घेतला. मुलांना वाटलं आलं, मलाही वाटलं आलं. आठवड्याने विचारलं तर पुन्हा गप्प. असं का होतं, यावर २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. थोडक्यात, वाचल्याने ओळख होते आणि आठवल्याने टिकतं.

पण सातवीच्या मुलाला "आठवून लिही" म्हटलं की तो खिडकीबाहेर बघतो. त्याला आठवायला कारण हवं. ते कारण मला तंजावरातच सापडलं.

आमचे सरफोजी राजे, दुसरे. १७९८ ते १८३२ गादीवर. कारभार कंपनीने काढून घेतला आणि राजांनी आपलं लक्ष विद्येकडे वळवलं. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, शाळा काढल्या, देवनागरीचा छापखाना घातला. १८०६ साली तिथून इसापनीतीचं मराठी पुस्तक निघालं, 'बालबोध मुक्तावली'. आणि राजांच्या नावावर एक मराठी नाटक आहे, 'देवेंद्र कुरवंजी'. त्यात कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगते. कुरवंजी हा दक्षिणेतला नृत्यनाट्याचा प्रकार. विरहात झुरणारी नायिका असते. डोंगरातून कुरवंजी येते, म्हणजे कुरवर समाजातली भविष्य सांगणारी बाई. ती आधी आपला डोंगर वर्णन करते, मग पाहिलेले देश सांगते, मग नायिकेचा हात बघते. राजांनी या साच्यात भूगोल बसवला. ज्या बाईने देश पायाखाली घातले, तीच भूगोल सांगणार. किती सरळ आहे बघा!

मी हा साचा वर्गात आणला. पहिल्या वर्षी मात्र माझी मोठी चूक झाली. मी मुलींना मण्यांच्या माळा, टोपली, गोधडीची झोळी आणायला सांगितली. मुलं कुरवंजीच्या बोलण्याची नक्कल करू लागली. वर्ग हसून लोळला आणि मीही हसले. दुसऱ्या बाकावर एक मुलगी खाली मान घालून बसली होती. ती कुरवर समाजातली होती, हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे चार दिवस ती शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. तिची आजी म्हणाली, "आम्ही चालत किती गावं फिरलो, ते कुणी विचारत नाही. माळाच दिसतात."

दुसऱ्या वर्षापासून वेश बंद, नक्कल बंद. फक्त साचा ठेवला. तो असा.

वर्गाच्या जोड्या करायच्या. एक सांगणारा, एक ऐकणारा. सांगणाऱ्याला चिठ्ठीवर वर्षभरातला कुठलाही विषय मिळतो. पुस्तक बंद. पहिली पायरी, "मी कुठून आले". दुसरी, "वाटेत काय पाहिलं". नाव घ्यायचं नाही. तिसरी पायरी हाताची. ऐकणारा आपल्या तळहातावर पेनाने ते चित्र काढतो आणि नाव ओळखतो. चुकलं तर दोघांनी मिळून पुस्तक उघडायचं. मग जोडी बदलायची. एका तासिकेत चार फेऱ्या होतात.

एक मुलगा सांगत होता, "मी पश्चिमेच्या डोंगरातून निघाले, पूर्वेच्या समुद्राला मिळाले." ऐकणारा लगेच म्हणाला, "कावेरी!" "नाही. कावेरीच्या साधारण आठपट लांब." तळहातावरची रेघ मनगटापर्यंत गेली आणि मग उत्तर आलं, "अ‍ॅमेझॉन." डेल्टातल्या मुलाला अ‍ॅमेझॉन कावेरीवरूनच कळायची होती, आणि ही तुलना त्याने स्वतः शोधली. मी ती कधी शिकवली नव्हती.

दोन सूचना. चिठ्ठ्यांत पहिल्या सत्राचे विषय निम्मे तरी असू द्या, तेच विसरलेले असतात. आणि याला गुण देऊ नका. गुण आले की मुलं पाठ करून येतात.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती आठवीत होती तेव्हा तिला पृथ्वीच्या थरांची चिठ्ठी आली. ती म्हणाली, "मी अशा जागेहून आले जिथे कुणीच गेलेलं नाही." वर्ग शांत झाला. मग तिने गाभ्यापासून कवचापर्यंत एकेक थर चढत आणला. एकही चुकला नाही. आजीबद्दलही ती बोलली, पण ते तिने मला नंतर, बाहेर व्हरांड्यात सांगितलं. ते मी इथे सांगणार नाही.

तुमच्या वर्गात करून बघा. काय झालं ते कळवा.