निद्रावस्थेनंतर नेटवर्क जोडणी (युनिक्ससदृश प्रणाली)

लॅपटॉप निद्रावस्थेतून (सस्पेंड) जागा झाल्यावर वायफाय अथवा तारेची नेटवर्क जोडणी पूर्ववत होणे, हे लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी इत्यादी युनिक्ससदृश प्रणालींमध्ये कर्नल, ड्रायव्हर आणि नेटवर्क व्यवस्थापक या तिघांच्या समन्वयावर अवलंबून असते. यांपैकी एक कडी निखळल्यास जोडणी मिळत नाही. अशा वेळी पुष्कळ वापरकर्ते लॅपटॉप नव्याने सुरू करतात; मात्र त्यामुळे जतन न केलेले काम नष्ट होते व निद्रावस्थेचा मूळ हेतूच विफल ठरतो.

कारणे

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय या मानकातील एस३ अवस्थेत मुख्य स्मृतीचा वीजपुरवठा चालू राहतो, परंतु बहुतेक उपकरणांचा बंद होतो. त्यामुळे नेटवर्क कार्डातील नोंदी आणि अनेकदा फर्मवेअरही पुसले जाते. जागे होताना ड्रायव्हरने हे सर्व पुन्हा भरणे अपेक्षित असते. ते न झाल्यास कार्ड प्रतिसाद देत नाही. कार्ड सुस्थितीत असूनही डीएचसीपीने दिलेल्या आयपी पत्त्याची मुदत संपलेली असू शकते, किंवा लॅपटॉप दुसऱ्याच नेटवर्कच्या कक्षेत आलेला असू शकतो.

निदान

प्रथम दोष कोणत्या स्तरावर आहे हे ठरवावे लागते. डीमेसग या आज्ञेने कर्नलचे संदेश दिसतात. त्यांत फर्मवेअर न भरल्याची नोंद असल्यास दोष ड्रायव्हरच्या स्तरावर असतो. आरएफकिल ही आज्ञा रेडिओ रोखला गेला आहे काय, हे दाखवते. सॉफ्टवेअरने घातलेली रोख तिनेच उठवता येते. यांत्रिक कळ मात्र हातानेच फिरवावी लागते. कार्ड दिसते पण पत्ता नाही, अशा स्थितीत दोष बहुधा व्यवस्थापकाकडे असतो.

उपाय

लिनक्समध्ये नेटवर्कमॅनेजरला निद्रेपूर्वी व निद्रेनंतर सिस्टमडी-लॉगइनडीकडून संकेत मिळतो. हा संकेत हुकल्यास नेटवर्कमॅनेजरची सेवा पुन्हा सुरू करणे पुरेसे ठरते. ड्रायव्हर अडकला असल्यास मॉडप्रोब या आज्ञेने त्याचे मॉड्यूल काढून पुन्हा बसवतात. एका मॉड्यूलवर दुसरे विसंबून असल्यास विसंबून असलेले आधी काढावे लागते. ड्रायव्हर कर्नलमध्येच अंतर्भूत असल्यास हा उपाय लागू पडत नाही.

ही कृती स्वयंचलित करण्यासाठी सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप निर्देशिकेत छोटी स्क्रिप्ट ठेवता येते. तिला निद्रेपूर्वी ‘प्री’ आणि निद्रेनंतर ‘पोस्ट’ असा शब्द पुरवला जातो. फ्रीबीएसडीमध्ये आरसी.रिझ्यूम ही फाइल, तर ओपनबीएसडीमध्ये एपीएमडी चालवत असलेली रिझ्यूम स्क्रिप्ट हेच कार्य करते.

मर्यादा

या उपायांनी नेटवर्क परत मिळते, पण दीर्घ निद्रेपूर्वी चालू असलेली एसएसएचसारखी सत्रे टिकतीलच असे नाही. दरम्यान दुसऱ्या टोकाच्या संगणकाने ती बंद केलेली असू शकतात. स्क्रिप्ट हा तात्पुरता आधार आहे. मूळ दोषाचे निराकरण ड्रायव्हर किंवा फर्मवेअरच्या सुधारित आवृत्तीनेच होते.