पेट्रोल कोठे अडले?

नागपूरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत भर दुपारी वर्धा रस्त्यावर एखादी जुनी मोटार आचके देत थांबते. आतील वृद्ध माणसे आणि मुले घामाघूम होतात. जवळपास सावलीला झाडही नसते. चालक बॉनेट उघडतो आणि दिसेल तो स्क्रू पिळू लागतो. या घाईने बहुधा एका बिघाडाचे दोन बिघाड होतात. हात चालण्यापूर्वी येथे विचार चालला पाहिजे.

ही मोटार म्हणजे आपल्याकडची फियाट किंवा पद्मिनी असे समजू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. १९७४ पासून तिला ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तरी हौशी लोकांनी जिवापाड जपलेल्या काही पद्मिनी अजून रस्त्यावर दिसतात.

अशा गाडीत पेट्रोलची वाट कशी असते ते पाहू. टाकी मागे आणि इंजिन पुढे. टाकीतून निघालेली बारीक नळी गाडीच्या पोटाखालून इंजिनाला बसवलेल्या पंपापर्यंत येते. पंपात एक लवचीक पडदा असतो. इंजिन फिरू लागले की तो खालीवर होतो, मागून पेट्रोल ओढतो आणि पुढे कार्ब्युरेटरकडे ढकलतो. कार्ब्युरेटरच्या कप्प्यात एक पोकळ तरंगता गोळा असतो. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जसा गोळा वर येऊन तोटी बंद करतो, तसाच हा गोळा कप्पा भरताच सुईसारखी झडप मिटवून पेट्रोल थांबवतो. कप्प्यातील पेट्रोल ‘जेट’ नावाच्या सूक्ष्म छिद्रातून वेगाने जाणाऱ्या हवेत फवारले जाते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा, असे हे मिश्रण असते.

आता पहिला प्रश्न : खरोखर पेट्रोलच अडले आहे काय? ठिणगी नाहीशी झाली तर इंजिन बहुधा एकाएकी गप्प होते. पेट्रोल कमी पडले तर ते चढावर दम टाकते, खोकते, वेग कमी केला की पुन्हा थोडे सावरते. चोक ओढल्यावर, म्हणजे मिश्रणातील हवा कमी केल्यावर, गाडी सुधारली, तर पेट्रोल अपुरे पडत असल्याचा संशय बळावतो.

यानंतर टाकीपासून एकेक भाग खोलत बसू नये. वाटेच्या मध्यावर प्रश्न विचारावा, म्हणजे अर्धी वाट एकदम निर्दोष ठरते. इंजिन बंद ठेवून हवेच्या गाळणीचे झाकण काढावे, कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत पाहावे आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढावी. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर कप्प्यापर्यंत पेट्रोल आलेले आहे. दोष त्यापुढे, बहुधा जेटमध्ये अडकलेल्या एखाद्या कणात, असला पाहिजे. धार उडाली नाही, तर मागे जावे. इंजिन निवल्यावर कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडवून बाटलीत धरावी आणि स्टार्टरने इंजिन फिरवावे. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची तार आधीच काढून ठेवावी. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण क्षणात भडकते. म्हणून हे काम जाणत्या माणसाने करावे, मुलांनी दुरून पाहावे. बाटलीत ठोक्याठोक्याने जोरकस पेट्रोल पडले, तर पंप निर्दोष आहे आणि कप्प्याची झडप किंवा तिच्यालगतची जाळी तुंबली आहे.

पेट्रोल पडलेच नाही, तर पंपावर लगेच दोषारोप करू नये. प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहावे. ‘सुस्स’ असा आवाज होऊन गाडी सुधारली, तर टाकीत हवा जाण्याचे छिद्रच बुजले होते! हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर कसे येणार? टाकी ते पंप या भागाचा आणखी एक चकवा आहे. येथे पेट्रोल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे रबरी नळीला तडा गेला, तरी पुष्कळदा पेट्रोलचा थेंबही बाहेर गळत नाही. उलट हवा आत शिरते. जमीन कोरडी पाहून चालक निश्चिंत होतो आणि पंप बिचारा हवाच ओढत राहतो.

उन्हाळ्यातील दोष निराळा. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. डोंगरावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळते. पंपाच्या ओढीने नळीतील दाब कमी होतो, तेव्हा पेट्रोलचेही तसेच होते. नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला. वाफ तो नुसतीच दाबतो आणि सोडतो. चालत्या गाडीला पंख्याचा वारा असतो, पण ती दहा-पंधरा मिनिटे थांबली की इंजिनाची धग पंपावर चढते. म्हणून चहासाठी थांबलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. यावर जुन्या मिस्त्रींचा उपाय म्हणजे पंपावर आणि नळीवर ओले फडके गुंडाळणे. तो शास्त्रशुद्धच आहे. मात्र गार पाण्याची बादली ओतू नये. तापलेल्या ओतीव धातूला तडा जाण्याची भीती असते.

कधी कधी याच्या अगदी उलट घडते. कप्प्यातील पेट्रोल उकळून इंजिनात सांडते आणि मिश्रण फाजील दाट होते. लक्षण तेच, गाडी सुरू होत नाही. पण येथे पेट्रोलचा उग्र वास येतो. अशा वेळी चोक ओढणे म्हणजे बुडत्याला आणखी पाणी पाजणे होय. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर फिरवून हवा आत जाऊ द्यावी.

अलीकडे या जुन्या गाड्यांपुढे एक नवी अडचण उभी राहिली आहे. आता आपल्याकडील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. नळी आतून फुगते, तिचे कण सुटतात आणि गाळणीत येऊन साचतात. गाळणीत तांबूस भुकटी आढळली, तर ती टाकीतील गंजाची असते. काळा चुरा आढळला, तर टाकी धुण्यापूर्वी नळी तपासावी.